पहिल्या रांगेतल्या मावशी

"सध्या कुठं राहून राहिले, भाऊ?" असं विचारून मावशी नाकावरचा चष्मा ढकलायच्या तो थेट अंबाड्यापर्यंत. चष्मा अंबाड्याला टेकला की समोरच्या पुरुषाने आपला पत्ता झिप कोडसकट सांगून मोकळं व्हावं, यातच शहाणपण होतं. एकोणीसशे ऐंशीच्या दशकात, अमेरिकेत न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टन जंक्शनच्या आसपास मूठभर मराठी घरं. त्यातले सज्जन, एकपत्नी, वेळेवर टॅक्स भरणारे पुरुषसुद्धा या प्रश्नाला अडखळायचे. एका नामवंत हार्ट सर्जनला स्वतःच्याच दिवाणखान्यात उभं राहून स्वतःच्याच घराचा नंबर चुकीचा सांगताना मी या डोळ्यांनी पाहिलंय.

मावशी मूळच्या नागपूरच्या. नोकरी काउंटीच्या ऑफिसात, चाइल्ड सपोर्टच्या टेबलावर. तुम्ही त्या भानगडीत पडला नसाल म्हणून सांगतो. मूल आईजवळ टाकून बाप पांगला, की आईने या ऑफिसात यायचं. ऑफिस बापाला शोधणार, "मूल माझं नव्हेच" म्हणाला तर रक्त तपासायला लावणार, कोर्टाकडून पोटगीचा हुकूम मिळवणार, आणि तरी त्याने टाळाटाळ केली तर पोटगी पगारातून परस्पर वळती करणार. सगळं कायद्यात लिहिलेलं. बाप नेमका कुठे दडलाय, तेवढं फक्त कायद्यात नव्हतं. ते खातं मावशींचं.

ऑफिसातले बाकीचे लोक विचारायचे, त्याची नोकरी कुठली, गाडी कुठली. मावशी त्या बाईला आधी चहा पाजायच्या आणि एकच विचारायच्या, "त्याले काय सोडवत नाही?" मला म्हणायच्या, "माणूस बायको सोडते, घर सोडते, नोकरीही सोडते. शौक नाही सोडत, बाप्पा."

एका गोऱ्या बापाला बोलिंगचा, म्हणजे जड बॉल घरंगळवून लाकडी पिना पाडायचा नाद होता. मावशी साडीवर स्नीकर्स घालून निम्मं न्यू जर्सी फिरल्या. म्हणतात, बॉल टाकून तो मागे वळला, मावशींचा चष्मा वर गेला, आणि तिकडे पिना पडायच्या आत इकडे त्याने पत्ता सांगून टाकला. दुसरा एक सापडला आईच्या हातच्या पम्पकिन पायपायी. थँक्सगिव्हिंगला तो आईच्या टेबलाशी बसला, तर शेजारच्या खुर्चीत मावशी. तो भोपळ्याचा पाय मात्र त्याला पूर्ण खाऊ दिला म्हणे.

आमच्या बिल्डिंगच्या खालच्या मजल्यावर एक सांगलीची मुलगी राहायला आली, सहा वर्षांच्या लेकीला घेऊन. नवरा पसार. एवढंच कळलं होतं की उत्तरेकडे कुठल्यातरी गावात आहे. ती दिवसभर डोनटच्या दुकानात उभी राहायची, तरी भागेना. शेवटी लेकीला सांगलीला आजोळी ठेवायचं ठरलं. तिकीटसुद्धा काढून झालं. पोरगी जिन्यात बसून मला सांगायची, "काका, आय ॲम नॉट गोइंग." जसं काही विमान मीच चालवणार होतो.

एका शनिवारी मी त्यांच्या स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करायला गेलो होतो. म्हणजे, बिघडवून झाला होता, आता दुरुस्तीचं बघत होतो. टेबलाशी पोरीच्या आईसमोर मावशी बसल्या होत्या. त्यांनी चहा ओतला आणि विचारलं, "त्याले काय सोडवत नाही?"

ती पटकन म्हणाली, "नाटक."

आता, पूर्व किनाऱ्यावर माझ्याइतके पडदे कुणी पाडलेले नाहीत. सगळी मराठी मंडळं पडद्याच्या दोरीसाठी मलाच बोलवायची. मी नळाखालूनच म्हणालो, "नाटकावरून आठवलं. वरच्या, उत्तरेकडच्या मंडळात एक नवा नट आलाय. काय मरतो, यार."

चष्मा वर गेला. "कुठं मरून राहिला तो?"

"शाळेच्या ऑडिटोरियममध्ये. पुढच्या रविवारी दुपारी."

पोरीच्या आईने हळूच विचारलं, "मरताना डावा हात वर करतो का?"

"करतो की."

"तोच. लग्नाच्या फोटोतही हात तसाच आहे."

नाटक ऐतिहासिक होतं. लिहिलेलं एका डेंटिस्टने, त्यामुळे वेदनेचे संवाद अस्सल होते. तिसऱ्या अंकाच्या शेवटी सरदार तलवारीचा घाव लागून कोसळतो, चार शब्द बोलतो, मरतो, मी पडदा पाडतो. पहिल्या रांगेत मावशी होत्या आणि शेजारी शेरीफच्या ऑफिसातला माणूस, आमच्या स्टेजच्या दाराहून रुंद. समन्स हातात द्यावं लागतं, ते काम त्याचं. मध्यंतरात त्याने बटाटेवडे इतके खाल्ले की मागच्या रांगा उपाशी राहिल्या.

तिसऱ्या अंकात सरदार कोसळला आणि नेमकी त्याची नजर पहिल्या रांगेकडे गेली. मावशींचा चष्मा वर सरकत होता. मावशींची कीर्ती वरच्या मंडळातही पोचलेली होती.

सरदाराने मरायचं कॅन्सल केलं.

आधी पाणी मागितलं. मग एकेका मावळ्याला जवळ बोलावून उपदेश केला. घोड्याला आशीर्वाद दिला. नाटकात घोडा नव्हताच. पहिल्या अंकातलं स्वगत पुन्हा म्हटलं, आणि यावेळी जास्त चांगलं म्हटलं. त्याच्यावर पडून रडायला आलेली सरदारीण रडून दमली, उठली, पदर झटकून बाजूला बसली. पार्किंगमध्ये गाड्यांना गंज चढायला लागला. शेरीफचा माणूस रुमालाने डोळे पुसत होता. त्याला मराठीतलं अक्षर कळत नव्हतं, पण असं चिवट मरण त्याने पाहिलं नव्हतं.

शेवटी बोलण्यासारखं काही उरलं नाही. डेंटिस्टने लिहिलेलं शेवटचं वाक्य तेवढं उरलं. डावा हात वर गेला. "माझ्या लेकीला," तो म्हणाला, "पोरकी करू नका."

पहिल्या रांगेतून शांत आवाज आला, "त्याच्याचसाठी आली मी, भाऊ."

लोकांना वाटलं हे नाटकातलंच. टाळ्यांचा कडकडाट झाला. मी विंगेतून पाहत होतो. सरदाराची मिशी एका बाजूने सुटली होती आणि तो ती सावरत नव्हता. मावशींनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी दोरी सोडली.

मागे विंगेत शेरीफच्या माणसाने सरदाराच्या हातात समन्स दिलं आणि त्याच्याशी हात मिळवत म्हणाला, "ग्रेट शो, सर."

सरदार मावशींना म्हणाला, "मावशी, असं मंडळात, सगळ्यांसमोर?"

"घरीच येणार होती भाऊ. घर सांगितलं कुठं तुम्ही?"

कोर्टाचा हुकूम झाला, पोटगी पगारातून परस्पर जाऊ लागली, आणि सांगलीचं तिकीट रद्द झालं. पोरगी जिन्यात मला म्हणाली, "आय टोल्ड यू, काका."

मंडळाच्या कमिटीने मात्र ठरवलं, या माणसाला पुन्हा उभं करायचं नाही. मावशींनी स्वतः प्रेसिडेंटला फोन केला. "त्याले रोल द्या. अन् मोठा द्या. तालमी असल्या की माणूस एका जागी राहते."

मग तो दरवर्षी मरू लागला. लोकांचाच आग्रह असायचा. सामाजिक नाटकात मेला, विनोदी नाटकात मेला, बालनाट्यातसुद्धा एकदा मेला. पहिल्या रांगेत कोपऱ्याच्या खुर्चीवर मावशी असायच्या, म्हणून मरायचा मात्र झटपट. एका वर्षी त्यांच्या शेजारी ती पोरगी येऊन बसली. पडदा पडल्यावर म्हणाली, "मावशी, ही डाइज रिअली वेल." मावशींनी चष्मा काढून पदराने पुसला. चष्मा नाकावरून खाली आलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

पुढे काही वर्षांनी, एका फेब्रुवारीत, बाहेर बर्फ असताना, मावशी गेल्या. कुणालाही काही न विचारता.

त्या वर्षीच्या नाटकात कोपऱ्याची खुर्ची रिकामी होती. तिच्यावर पाटी नव्हती, तरी कुणी बसलं नाही. शेजारी ती पोरगी. आता स्वतः गाडी चालवत आली होती. शेवटच्या प्रवेशात तो कोसळला, आणि त्याची नजर पहिल्या रांगेकडे गेली. तिथेच थांबली.

मग त्याने पाणी मागितलं. एकेकाला जवळ बोलावलं. डावा हात वर केला, खाली घेतला, पुन्हा वर केला. समोरच्या विंगेतून डेंटिस्ट मला हातवारे करत होता, पाड, पाड.

माझी नजर अलीकडे जरा अधू झाली आहे. मी दोरी धरून उभा राहिलो.