वायरमनबाई आणि शेवटचं पान

राहू गावच्या वाचनालयात मी कामाला लागले तेव्हा मला बाविसावं वर्ष होतं. सकाळी कुलूप काढायचं, पेपर मांडायचे, पुस्तकं द्यायची-घ्यायची, एवढंच काम. कादंबऱ्यांवर धूळ बसायची. फाटेपर्यंत वाचली जायची ती चित्रकथांची पुस्तकं. त्यातले नायक कुठल्यातरी परक्या शहरातल्या इमारतींवरून उड्या मारायचे, नाहीतर घोड्यावर बसलेले राजे असायचे. बायका असायच्या त्या पळवून नेण्यापुरत्या.

वाचनालयाला लागूनच एका मावशींचा शेवंतीचा मळा होता. फुलं तोडून झाली की त्या आमच्या माठातलं पाणी प्यायला यायच्या. एकदा त्यांनी असं एक पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "ह्यात आपल्यातलं कुणीच कसं न्हाई गं?"

त्याच आठवड्यात मी लिहायला बसले.

तेव्हा नदीकाठच्या मोटरींच्या केबली चोरीला जायच्या. सकाळी माणूस मोटर चालू करायला जावा तर नुसता स्टार्टर लोंबकळतोय. माझ्या गोष्टीत आयटीआय शिकून आलेली एक मुलगी होती. कंबरेला पक्कड आणि टेस्टर लावून ती गावोगाव मोटरी दुरुस्त करत फिरायची आणि पहिल्याच गोष्टीत केबलचोरांना पकडून द्यायची. नाव ठेवलं वायरमनबाई. गोष्ट झाली, पण चित्रं काढणार कोण? मला साधा आंबाही काढता येत नव्हता.

शिरूरच्या एसटी स्टँडसमोर एका टेलरचा बोर्ड होता. त्यावरचा कोट असा काढला होता की आत्ता वाऱ्यानं उडेल. टेलरला विचारलं, त्यानं मागच्या गल्लीतल्या पेंटरचाचांकडे बोट दाखवलं. साठीला टेकलेले, दाढीला मेंदी, बोटांना कायमचा निळा रंग. तीन पिढ्यांपासून त्यांचं घर शिरूरचंच. दुकानांचे बोर्ड, गाड्यांच्या नंबरप्लेटा आणि टॉकीजची पोस्टरं ते करायचे.

"कॉमिक्स?" चाचा म्हणाले. "ह्ये मी कवा केलं न्हाई, बेटा."

"मी तरी कवा लिहिलं होतं?"

ते हसले आणि माझी वही ठेवून घेतली.

पंधरा दिवसांनी मी पुन्हा गेले, तर वायरमनबाईच्या भुवया कोरलेल्या, केस मोकळे, पदर वाऱ्यावर. पोस्टरवरची हिरॉईन खांबावर चढवली होती.

"चाचा, अशा पदरानं बाई खांबावर चढली तर झंपरची वायर जोडायच्या आधीच मरायची."

"आन् साधी काढली तर बघंल कोण तिला?"

मी हट्ट सोडला नाही. त्यांना एसटीत बसवून न्हावऱ्यावरून राहूला आणलं, शेवंतीच्या मळ्यात नेलं. मावशी पदर खोचून, मांडीपर्यंत ओल्या होऊन फुलांना पाण्याचं बारं देत होत्या. चाचा बांधावर बसले. आयुष्यभर त्यांनी फोटो बघून माणसं काढली होती, जिवंत माणूस समोर ठेवून काढायची त्यांची ही पहिलीच वेळ. दुपारपर्यंत त्यांनी नुसते हात काढले. मावशींचे कुदळ धरलेले, गाठ मारणारे, कपाळाचा घाम पुसणारे हात. वायरमनबाईला पुढं तेच हात मिळाले.

शिरूरमधल्या लग्नपत्रिका छापणाऱ्या एका प्रेसनं पुस्तक छापलं. छापण्याच्या हिशेबात शेवटचं एक पान कोरं राहत होतं. प्रेसवाले म्हणाले, काहीतरी टाका. मला सिनेमाचं वेड होतं. शिरूर, दौंड, कधी पुणे, जिथं जमेल तिथं मी जाऊन बघायची. मी त्या पानावर वर ‘आमचं नवीन पुस्तक’ म्हणून पुढच्या भागाची दोन ओळींत बातमी दिली आणि खाली लिहिलं, ‘सध्या बघावा असा सिनेमा’. स्वतः तिकीट काढून बघितल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही, असं मनाशी ठरवलं.

पहिलं पुस्तक स्टँडवरच्या स्टॉलवरून संपलं, दुसरंही संपलं. गंमत म्हणजे मोठी माणसं पुस्तक हातात घेतलं की आधी शेवटचं पान उघडायची. केडगावच्या बाजारात एका अनोळखी बाईनं मला थांबवून सांगितलं, "तुमी लिवलेला पिक्चर बघून आले. बरा हाय, पर इंटरवलनंतर ताणलाय." मी पुढच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानात तिचं म्हणणं घातलं.

तिसऱ्या पुस्तकाच्या वेळी शिरूरच्या एका टॉकीजच्या शेठनी चाचांना आणि मला वर ऑफिसात बोलावलं. चहा आला. शेठ फार गोड बोलले.

"तुमचं पुस्तक इंटरवलला आमच्या स्टॉलवर ठेवतो, वड्याच्या परातीशेजारी. हातोहात जाईल. फक्त शेवटच्या पानावर आमचं चालू पिक्चर येऊ द्या."

"आधी बघते, शेठ."

"बघायचं काय त्यात? गर्दी दिसत न्हाई का खाली?"

मी त्याच दिवशी तीनचा खेळ बघितला. नायक एका मुलीची रोज वाट अडवतो. ती चिडून त्याच्या थोबाडीत मारते. तो सगळ्या कॉलेजसमोर तिला उलटी थोबाडीत देतो, आणि पुढच्या गाण्यात ती त्याच्या प्रेमात पडलेली असते. त्या थपडेला सगळ्या हॉलनं शिट्ट्या मारल्या. माझ्या पुढच्या रांगेत कॉलेजच्या दोन मुली बसल्या होत्या. त्या हलल्या नाहीत, फक्त दोघींनी ओढण्या घट्ट लपेटून घेतल्या. पुढचा सिनेमा मला दिसलाच नाही, मी त्यांच्या पाठीच बघत होते.

मी लिहिलं, ‘मुलगी नाही म्हणाली म्हणजे नाही, हे ह्या सिनेमाला ठाऊक नाही. गाणी बरी आहेत. पण त्यासाठी वाट वाकडी करू नका.’

चाचांनी कागद वाचला, त्याची घडी घातली, पुन्हा उघडला.

"बेटा, दर शुक्रवारी त्याच्या भिंतीवर माझं पोस्टर लागतं. वीस वर्षं झाली."

खरं सांगायचं तर हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी माझ्यापुरतीच शूर झाले होते. घाईघाईनं म्हणाले, "पुस्तकावरचं तुमचं नाव काढते."

"नाव काढून काय व्हतंय? हात कुणाचा हाय ते अख्ख्या शिरूरला कळतंय." कागद खिशात घालून ते नंबरप्लेट रंगवायला बसले. माझ्याकडे बघितलं नाही.

राहूला परतताना एसटीत मी तीन वेळा मनातल्या मनात मजकूर बदलला. मवाळ केला, अर्धा केला, पानच कोरं सोडलं. दर वेळी त्या दोन पाठी आठवायच्या. शेवटी ठरवलं, चाचा नको म्हणाले तर पुस्तकच थांबवायचं, पण खोटं छापायचं नाही.

चार दिवसांनी दुकानात गेले तर चाची तिथं बसलेल्या. एरवी त्या दुकानात येत नसत.

"मी बहिणीला घेऊन बघून आले त्यो पिक्चर," त्या म्हणाल्या. "तू कमीच लिवलंस."

चाचा ब्रश पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "छाप."

पुस्तक आलं आणि शेठनी चाचांना पोस्टरचं काम देणं बंद केलं. स्टॉलचा विषय तर संपलाच. चाचांनी मला एका शब्दानं ऐकवलं नाही.

तेवढ्यात मावशींनी मला धरलं. "बघू नका म्हणलीस, आमी न्हाई बघितला. पर मग बघायचं काय ते तरी दाव की."

त्यांचं बरोबर होतं. नुसतं नको म्हणणं सोपं असतं. मी पुण्यात एक सिनेमा बघितला होता. नवरा गेल्यावर नदीवर नाव चालवणाऱ्या बाईचा, साधा, मराठी. दोन आठवड्यांत उतरला होता. आमच्याकडे तो येणारच नव्हता. मी दौंडला गेले आणि तिथल्या टॉकीजच्या मॅनेजरना भेटले.

"बायकांच्या पिक्चरला बायका येत न्हाईत, ताई," ते म्हणाले. "शुक्रवारी बाराचा खेळ रिकामाच असतोय, त्यो देईन. पर निम्मा हॉल तरी भरला पायजे."

"पूर्ण भरते."

बोलून गेले आणि बाहेर येऊन पायरीवर बसले.

पंधरा दिवस मी सायकलवर हिंडले. सकाळी फुलांच्या मळ्यात, दुपारी भाजीच्या वाफ्यांवर, बाजारच्या दिवशी बाजारात. कोणी सासूला विचारते म्हणाली, कोणी नवऱ्याला. एकीचा नवरा दारातच मला म्हणाला, "बाई बघायला बायकांनी कशाला जायाचं? घरी हायती की." मावशी माझ्यासोबत होत्या. त्या म्हणाल्या, "तुमी रोज गडी बघायला पारावर जाताच की." तो आत गेला, आणि शुक्रवारी त्याची बायको टेम्पोत होती.

चौथं पुस्तक मी त्याच दिवसासाठी तयार केलं. चाचांनी दौंडच्या भिंतीसाठी पोस्टर रंगवलं. वल्हं धरलेली बाई, दोन माणसांएवढी उंच. मॅनेजर बराच वेळ त्याच्यासमोर उभे होते.

शुक्रवारी फुलं नेणारे दोन टेम्पो बायकांनी भरून आले. बाकीच्या एसटीनं आल्या, काही दौंडमधल्याच होत्या. चाची शिरूरहून शेजारणींना घेऊन आल्या. बारा वाजता हॉल भरला. आणि मॅनेजर घाम पुसत माझ्याकडे आले.

"ताई, रिळांची पेटी न्हाई आली. मुंबईच्या गाडीत हाय, आन् गाडी लेट हाय."

"किती?"

"स्टेशनवाल्यांना बी म्हाईत न्हाई."

साडेबारा वाजले. हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली. "धारा काढायच्या हायत गं चारला," कोणीतरी मोठ्यानं म्हणालं. दोघी-तिघी उठल्या. एवढ्या कष्टानं आणलेल्या बायका मला दारातून निघून जाताना दिसायला लागल्या. चाचांच्या काखेत नव्या पुस्तकाची मूळ चित्रं होती. ते ती मोठ्या ड्रॉइंगशीटवर काढायचे, प्रेसवाला मग छोटी करायचा. मी त्यांच्याकडे बघितलं.

"चला," चाचा म्हणाले.

आम्ही पडद्यासमोरच्या ओट्यावर चढलो. चाचा एकेक शीट डोक्यावर धरून उभे राहिले आणि मी घसा ताणून वाचायला लागले. पहिली दोन पानं माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. तिसऱ्या पानावर वायरमनबाई जळालेल्या डीपीजवळ पोचते, तेव्हा मागच्या रांगेतून एक बाई ओरडली, "आगं, आधी लाइट बंद कर!"

हॉल हसला. ज्या उठल्या होत्या त्या दाराशीच थांबल्या. मग प्रत्येक चित्राला कोणी ना कोणी बोलायला लागलं. गोष्टीतल्या खोटं बिल लावणाऱ्या माणसाला शिव्या बसल्या. चाचांचे हात भरून आले की ते शीट खाली घ्यायचे, दम खायचे, पुन्हा वर धरायचे.

दोन पानं उरली असताना हमाल डोक्यावर पत्र्याची पेटी घेऊन दारातून आत आला. मॅनेजरनी मला हातानं खूण केली, पुरे. मी थांबले.

"थांबा वो मॅनेजर!" मावशी उभ्या राहिल्या. "आधी हिचं संपू द्या."

ती दोन पानं मी कशी वाचली, मला आठवत नाही. नंतर तो सिनेमा लागला, दीड तास उशिरानं. कोणी उठलं नाही. त्या दिवशी राहूत बऱ्याच म्हशींच्या धारा दिवेलागणीला निघाल्या. हॉलमध्ये शिट्टी नाही, बडबड नाही, नावेचं वल्हं पाण्यात पडायचा आवाजसुद्धा नीट ऐकू येत होता. माझ्या शेजारच्या दोघी रडत होत्या. मावशी रडल्या नाहीत. बाहेर आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "ती करती ते मला बी जमंल की."

मॅनेजरनी महिन्यातून एक बाराचा खेळ बायकांसाठी द्यायचं कबूल केलं. हे सगळं पुढं सुरळीत झालं असं नाही. दुसरा खेळ निम्मा रिकामा गेला. तिसऱ्याच्या वेळी कांद्याच्या लागणी होत्या, जेमतेम चार रांगा भरल्या. त्या चार रांगांसाठीही मी तितकीच सायकल हाणली, आणि चौथ्याला पुन्हा गर्दी झाली. दोन वर्षं हे चाललं. शिरूरच्या शेठनी आमचं पुस्तक स्टॉलवर कधीच ठेवलं नाही, आणि मीही पुन्हा विचारायला गेले नाही.

मग फ्लेक्स आले. एका वर्षात शिरूरमधले रंगवलेले बोर्ड उतरले आणि चाचांच्या दुकानात ब्रश वाळायला लागले. मी त्यांना भेटायला गेले ती काय बोलावं ह्याची जुळवाजुळव करत. चाचांनी दुकानाची अर्धी जागा एका मोबाइलवाल्याला दिली होती, आणि उरलेल्या अर्ध्यात भिंतीला टेकून ड्रॉइंगशीटचा नवा कोरा गठ्ठा उभा होता.

"आता येळच येळ हाय," ते म्हणाले. "दोन महिन्यांला एक पुस्तक काढत व्हतो, आता दर महिन्याला काढू. तुला लिवणं जमंल का तेवढं, बोल."

मी जमेल म्हणाले. पुढची तीन वर्षं आम्ही दर महिन्याला एक काढलं.