मुकं दान

मिस क्लारिबेल ब्लॅक रिव्हर गावच्या बाजारात मासळी विकायची. आमच्या जमैकात ‘डिनॉमिनेशन’ हा एकच शब्द चर्चच्या पंथालाही चालतो आणि नोटेच्या किमतीलाही. तिचा पंथ बॅप्टिस्ट, बाप्तिस्मा इथल्याच नदीत झालेला.

त्या रविवारी नव्या पाद्रीबाबांनी चर्चच्या छपरासाठी ‘मुकं दान’ मागितलं. म्हणजे दानाच्या ताटात फक्त नोटा. नाणं वाजता कामा नये. तिच्या रुमालात मात्र सगळी नाणीच होती.

“मागच्या दारानं सटक,” शेजारची मॅव्हिस कुजबुजली. “पलीकडच्या चर्चातले पेंटेकोस्टल नाणीही घेतात.”

“तूच जा गं. त्यांच्या प्रार्थनेत नाचायलाही मिळेल.”

मी त्यांच्या मागच्याच बाकावर होतो. माणसाची श्रद्धा आणि कागदाची किंमत एकाच शब्दात मावतात, याची मला त्या दिवशी प्रथमच भीती वाटली. क्लारिबेल उठून गेली असती, तर तिची या चर्चमधली चाळीस वर्षांची जागा कायमची सुटली असती.

ताट आलं. तिनं रुमालाची गाठ सोडली आणि एकेक नाणं टाकू लागली. ताटवाल्या भाऊंनी ताट पुढे ओढलं, तर तिनं कड घट्ट धरली.

“थांबा भाऊ, अजून चार आहेत.”

पाद्रीबाबा खाली बघत राहिले. चारही नाणी वाजली. मग ती स्कर्ट सावरून आपल्या जागेवर नीट बसली.