पस्तीस किलोमीटरचा दिवस

मंगळवारी सव्वादहा वाजता, शाळेत परिपाठ चालू असताना, माझी पत्नी खाली पडली. बारा वाजता डॉक्टरांनी ती गेल्याचं सांगितलं. मी कॉलेजच्या ग्रंथालयातून रिक्षानं दवाखान्यात गेलो, कारण मला गाडी चालवता येत नाही. आमच्या घरात गाडी ती चालवायची.

मे महिन्यात आम्ही फ्रान्सला जाणार होतो. लुआर नदीच्या काठानं बारा दिवस, भाड्याच्या गाडीनं. गाडी ती चालवणार आणि मी शेजारी नकाशा घेऊन बसणार, असं ठरलं होतं. तीन वर्षं मी त्या गावांबद्दल वाचत होतो आणि रोज जेवताना तिला सांगत होतो. राजवाड्यांत तिला रस नव्हता. ती सातवीला इतिहास शिकवायची. राजे पुष्कळ झाले, म्हणायची. तिला गावच्या वेशी, दगडी पूल, बाजाराचे चौक पाहायचे होते, आणि दोन गावांच्या मधली शेतं.

तिकडे रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवावं लागतं. म्हणून रविवारी ती शिरड शहापूरच्या तिच्या शाळेच्या मैदानात विटा मांडून उजवीकडून फेऱ्या मारायची. शाळेचा शिपाई ओट्यावरून ओरडायचा, "बाई, रॉंग साइडनं येऊन राहिल्या तुमी!"

ती काच खाली करून म्हणायची, "तिथं गेल्यावर तुमीच रॉंग साइडला असता, मामा."

प्रवासाचं वेळापत्रक तिनं एका वहीत केलं. मी गावं सांगितली, अंतरं दिली. वेळ तिनं घातली. वसमतहून शाळेत जाताना उसाच्या ट्रॉल्या, शेळ्या, हळदीची पोती भरलेले ट्रॅक्टर यांच्या मागून जो वेळ लागतो, तो तिच्या अंगात बसलेला होता. त्याच हिशेबानं तिनं फ्रान्स मोजला. ब्ल्वा ते आंब्वाज, पस्तीस किलोमीटर: सकाळी नऊला निघून दीड तास. त्याखाली वेगळी ओळ: ट्रॅक्टर आडवा आला तर अर्धा तास. एका दिवशी एकच गाव.

संक्रांतीच्या सुमारास माझा पुतण्या पुण्याहून आला होता. तो कंपनीच्या कामानं दोनदा तिकडे जाऊन आलेला. वही पाहून तो हसत सुटला.

"काकू, ते फ्रान्स हाय, कुरुंद्याचा बाजार न्हाई. अर्ध्या-पाऊण तासात पोचता तुमी."

"मग साडेनऊला पोचून काय करावं?"

"दुसरं गाव बघायचं."

"काहून? पहिल्यानं काय घोडं मारलंय?"

तिचा हिशेब चुकला आहे हे मलाही तेव्हा कळलं. मी खोडरबर पुढे केलं. तिनं ते बाजूला सारलं आणि म्हणाली, "राहू द्या. बसून राहू की कुठं तरी."

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर पाहुणे गेले. पुतण्या आणि माझी मेव्हणी, दोघं थांबले. मेव्हणी म्हणाली, "दाजी, जाऊन या. घरात बसून ती परत येणार हाय का?" पुतण्या म्हणाला, "काका, काहीच रद्द करू नका. मी सुट्टी काढतो. गाडी मी चालवतो." दोघंही मनापासून बोलत होते. मी विचार करतो म्हणालो. खरं तर मला विचार येत नव्हते. चहा आला की पीत होतो, कोणी भेटायला आलं की सतरंजीवर जागा देत होतो. रडू आलं नाही. अजून आलेलं नाही.

चार दिवसांनी पुतण्यानं नवं वेळापत्रक पाठवलं. बारा दिवसांचे पाच दिवस झाले होते. सोबत निरोप होता: एकही गाव सोडलेलं नाही, फक्त रिकामा वेळ काढून टाकला आहे. मी ते ग्रंथालयात टेबलावर ठेवून आठवडाभर रोज वाचलं. सगळी गावं खरोखरच होती, माझ्याच क्रमानं. ब्ल्वा आणि आंब्वाज एका सकाळीत झाली होती. तिचे दीड तास, ट्रॅक्टरचा अर्धा तास, बसून राहण्याच्या दुपारी, तेवढं गेलं होतं. मी पुष्कळ वेळा वाचून पाहिलं. त्या प्रवासात मला कुठे बसायचं ते सापडलं नाही.

मुक्कामाच्या घरांना कळवायची मुदत संपत आली, तेव्हा मी पुतण्याला फोन केला आणि येत नाही म्हणालो.

"काहून काका? काही चुकलं का त्यात?"

"चुकलं नाही. बराबर आहे सगळं."

"मग?"

मग तोच म्हणाला, "काकूसारखंच ठेवू का? रोज एकच गाव?"

मी नको म्हणालो. तो बिचारा साडेनऊला पोचला असता आणि दिवसभर माझ्याकडे पाहत राहिला असता.

त्या दिवशी मी एकेका घराला पत्र लिहिलं. कारण लिहिलं नाही. भाड्याची गाडी तिच्या नावावर होती. तीही रद्द केली. पुतण्याला मी आभाराचं लिहिलं, त्यानं 'ठीक आहे काका' एवढंच कळवलं.

मे महिन्यासाठी कॉलेजात मागितलेली माझी रजा परवा मंजूर होऊन आली. ती मी परत केलेली नाही. ते बारा दिवस मी घरी असेन.