सई बेंचवर बसत नाही

इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या आमच्या रिंकवर ओले ग्लोव्हज कधी वाळत नाहीत आणि किस्से कधी संपत नाहीत! खालच्या लीगमधली आमची मुलींची आइस हॉकी टीम. मी पुण्याहून आलेला आयटीवाला, स्केटिंग शून्य. मॅचमध्ये माझं काम एकच: डिफेन्सच्या मुली बेंचवरून बर्फावर ये-जा करतात ते दार उघडायचं आणि लावायचं. मंडळाच्या गणपतीत कोणीतरी विचारलं, "क्लबमध्ये तुम्ही नक्की काय?"

म्हटलं, "डोअरमन!"

*

सई ही माझ्या मित्राची, मंदारची मुलगी. इथेच जन्मलेली, डिफेन्समध्ये खेळणारी. एका मॅचला तिने आपल्याच गोलसमोर पक, म्हणजे ती रबराची चकती, थेट समोरच्या टीमला देऊन टाकली. गोल! मान खाली घालून बेंचवर आली. आमचा कोच ग्रॅहम म्हणाला, "बसतेस कुठे? परत जा!"

गेली. पुन्हा तशीच चूक, पुन्हा गोल. "परत जा!"

मागून एक पालक ओरडले, "अहो, बाहेर काढा तिला!"

ग्रॅहम वळलासुद्धा नाही. "बाहेर काढली, तर बाहेर बसायलाच शिकेल!"

तिसऱ्या वेळी सईने अशी हूल दिली की समोरची घसरून पडली आणि ही पक घेऊन पसार! मॅच आम्ही हरलो. ग्रॅहम मात्र पार्किंगपर्यंत शिट्टी वाजवत गेला.

*

पुढच्या सीझनला सगळ्यात वरच्या लीगच्या टीमने तिला घेतलं. मंदारने पेढे वाटले. पण तिथे प्रत्येक मॅच जिंकायचीच असते. एक चूक झाली की बेंच. पहिल्या मॅचनंतर सईच्या आईने फोनवर विचारलं, "कसं झालं गं?"

"सीट मस्त होती, आई!"

*

तिथला कोच म्हणे, "डिफेन्स शिकायला वर्षं लागतात. बघ आणि शिक." सईने महिनाभर बघितलं आणि त्याला तोंडावर 'मी चालले' सांगून आमच्याकडे परत आली. मंदार भडकला. "अगं, त्या जर्सीसाठी लोक जीव टाकतात!"

"बाबा, तिथला जर्सी धुवायलाच लागत नाही."

"तिथली जर्सी," मंदार म्हणाला, आणि तिची किटबॅग उचलून गाडीत टाकली.

*

हिवाळ्यात वरच्या टीमच्या दोन डिफेंडर जखमी झाल्या. पुन्हा सईला बोलावणं! मी आणि मंदार त्यांच्या बेंचच्या मागेच बसलो होतो. थोड्याच वेळात सईकडून पक निसटली. गोलकीपरने कशीबशी अडवली, पण ती पुन्हा समोरच्या टीमकडेच गेली. कोच ओरडला, "सई, बाहेर ये!" अख्ख्या रिंकला ऐकू गेलं.

सई आली नाही. उलट मागे वळली, समोरचीला गाठलं, स्टिकने पक हिसकावली आणि सगळ्यांच्या मधून असा काही पास दिला की मंदारने डोळेच मिटले. उघडले तेव्हा आपला गोल झाला होता!

मग ती बेंचवर आली. कोच लालबुंद. "मी ओरडलो ते ऐकू आलं नाही?"

"आलं ना," सई म्हणाली, आणि पाण्याची बाटली तोंडाला लावली.

 पुढच्या वेळी खेळायला आत पाठवताना कोचची पहिली थाप मात्र सईच्याच खांद्यावर पडली.