नोराची बहीण

आयरिश बाई देवाचं नाव फक्त वैतागल्या की घेत. प्रिंटर अडकला की "जीझस!" म्हणत आणि लगेच माझी माफी मागत. मी रत्नागिरीची, पाच वेळची नमाजी. माझ्यासमोर कुठल्याच देवाचा अपमान नको, एवढी त्यांना काळजी.

आखातात, अल रय्यानमधल्या आमच्या शाळेत त्या प्राथमिकच्या प्रमुख होत्या, मी ऑफिसात. शुक्रवारी सुट्टी, त्यामुळे इथलं चर्च माणसांनी ओसंडतं. रिसेप्शनवरची गोव्याची मुलगी त्यांना दर आठवड्याला बोलवायची. "देवाधर्माचं माझं लहानपणीच खलास झालं," बाई म्हणायच्या.

कारण एकदा डबा खाताना कळलं. त्यांची थोरली बहीण नोरा लग्नाआधी गरोदर राहिली. आईनं फादरच्या सांगण्यावरून तिला ननांच्या आश्रमात ठेवलं. बाळ कुणाला तरी देऊन टाकलं. नोरा तिथून परस्पर इंग्लंडला गेली आणि तिकडेच वारली.

बाईंच्या टेबलावर त्यांच्या मुलाच्या बाप्तिस्म्याचा फोटो होता. "तरी तुम्ही तुमच्या मुलाचा बाप्तिस्मा केलात?" मी विचारलं.

"गावात शाळा एकच, चर्चची. प्रवेशासाठी केला. खोटं होतं, फादरलाही ठाऊक होतं."

पुढे गावी बाईंची आई अंथरुणाला खिळली. व्हिडिओ कॉलवर ती एकच मागायची, माझ्यासोबत रोझरी म्हण. त्या प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग एकानं म्हणायचा, उरलेला दुसऱ्यानं. एका दुपारी माझ्यासमोरच आईनं आपला भाग म्हटला आणि थांबली. शेवटी म्हातारीनं उरलेलाही स्वतःच म्हटला.

"आईसाठी म्हणा की, मॅडम," मी म्हटलं.

"म्हणणार नाही. नोराखातर."

आई गेली. बाई अंत्यविधीला जाऊन आल्या त्या सुकून. "चर्चमध्ये मूठभर म्हातारे होते," त्या म्हणाल्या. "फादर तुमच्या केरळचा, पोरसवदा. त्यानं रोझरी सुरू केली आणि माझ्या तोंडून उरलेला भाग आपोआप आला. शब्दन् शब्द. शवपेटीसमोर!"

त्या उन्हाळ्यात त्यांनी नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी कपाट आवरता आवरता म्हणाल्या, "आता आमच्या गावात कुणी फादरला विचारत नाही. पोरी लग्नाशिवाय आई होतात, शेजारीपाजारी बाळाला झबली आणतात. चांगलंच आहे. पण मग माझ्या बहिणीला कशासाठी घालवलं?"

बाहेर दुपारची, जोहरची अजान सुरू झाली.

"जा, तुझी नमाजची वेळ झाली," त्या म्हणाल्या.

मला उठवेना.