गाडी चढाला तापती

मला राग लवकर येतो, आणि राग आला की आपल्याला सगळं कळतं असंही वाटायला लागतं. त्या हिवाळ्यात दोन्ही एकदम झालं.

मी धाराशिवला नोकरीला. आठवडाभर तिथं खोलीवर राहायचं आणि शनिवारी जळकोटला घरी यायचं. गाडी माझ्या नावावर, जुनी घेतलेली, पण ती असायची गावी आणि चालवायचे आप्पा, म्हणजे माझे वडील. त्यांची सगळी नोकरी एसटीत ड्रायव्हर म्हणून झाली. निवृत्तीनंतरही स्टिअरिंग हातात आल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. सकाळी शेताकडं एक फेरी, आणि दुपारी चारच्या सुमाराला नळदुर्ग. तिथं स्टँडसमोरच्या हॉटेलात त्यांच्या बरोबरीचे दोन जुने ड्रायव्हर बसतात. चहा एक आणि गप्पा दोन तास. आई म्हणते, त्या दोन तासांवरच ह्यांचे बाकीचे बावीस चालतात.

जानेवारीत आप्पांचा फोन आला. नळदुर्गच्या अलीकडच्या चढाला काटा लालवर गेला, बॉनेटमधून वाफ आली. त्यांनी गाडी बाजूला घेतली, तासभर थंड होऊ दिली, मग पाणी घालून घरी आणली. चार दिवसांनी पुन्हा तेच, त्याच चढाला.

मी शनिवारी घरी आलो ते निकाल खिशात घालूनच. एसटीत डिझेल वाचवायची सवय लागते. वरचा गिअर टाकायचा आणि इंजिन कण्हत असलं तरी ओढायचं. आप्पा तसेच चालवतात हे मी शेजारी बसून कितीदा तरी पाहिलं होतं.

"तुम्ही चौथ्यावर चढ ओढता आप्पा. इंजिन तापंल न्हाय तर काय हुईल?"

"आरं, उभी असली की तापत न्हाय. गावातनं हळू चालवली तरी न्हाय. चढाला तापती, आन् हायवेला पळवली की तापती," ते म्हणाले.

"तेच तर म्हणतोय. तुमच्या चालवण्यानं तापती."

मी चावी खिशात टाकली, आणि रविवारी संध्याकाळी गाडी अंगणात ठेवून चावी तेवढी धाराशिवला घेऊन गेलो. इंजिन बसलं तर मोठं काम निघेल, असं आईला सांगितलं. आई आप्पांना म्हणाली, "मग एसटीनं जावा की चारला." ते "जाईन" म्हणाले आणि गेले नाहीत. जन्मभर ज्या गाडीत पुढं बसले, तिच्यात मागच्या बाकड्यावर बसून चहाला जाणं त्यांना जमलं नसावं. दोन आठवडे ते ओट्यावर बसून हायवेवरच्या गाड्यांचे आवाज ऐकत राहिले. हे मला आईनं फोनवर सांगितलं होतं. मी म्हणालो, जरा दम धरा.

मधला शनिवार कामात गेला. त्याच्या पुढच्या शनिवारी मी मोबाईलवरचे व्हिडिओ बघून तयार होऊन आलो. कूलंट बघितलं, पुरेसं होतं. इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून त्याचं रबर तपासलं, बरं होतं. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की पाण्याची वाट उघडणारी झडप, काढून आईच्या पातेल्यात पाणी उकळून त्यात सोडला. तो उघडला, म्हणजे तोही चांगला; परत बसवला. पातेलं मात्र आईनं नंतर घरात घेतलं नाही. गाडी अंगणात चालू ठेवली. वेळ झाल्यावर पंखा बरोबर सुरू झाला आणि काटा मधोमध उभा राहिला. माझं म्हणणं सिद्ध झालं. आता फक्त नीट चालवून दाखवायची.

रविवारी सकाळी मी एकटाच नळदुर्गच्या दिशेनं निघालो. चढाला तिसरा गिअर, पाय हलका, एसी बंद. निम्म्यावर काटा हलला. मी दुसरा टाकला. काटा चढतच गेला. मी गाडी कडेला घेतली, बंद केली आणि बॉनेट उघडून शेतातल्या ज्वारीकडं बघत बसलो. लाज वाटली, दुसरा शब्द नाही. गाडीत मी होतो, पाय माझा होता आणि गाडी तापली होती.

तिथं बसल्या बसल्या आप्पांचं बोलणं पहिल्यांदा माझ्या कानात शिरलं. एसटीच्या ड्रायव्हरनं बिघाड काय आहे ते सांगायचं नसतं, ते डेपोतले लोक शोधतात. त्यानं तक्रार लिहायची: कधी होतं, कशावर होतं, कधी होत नाही. आप्पांनी मला अगदी तशी तक्रार दिली होती आणि मी ती सबब समजून उडवून लावली होती. उभी असली की तापत नाही, म्हणजे पंखा ठीक. जोर पडला की तापते, म्हणजे उष्णता वाढली की ती बाहेर पडायला वाट पुरत नाही.

गाडी निवल्यावर हळूहळू घरी आणली. घरातली टॉर्च घेतली, इंजिनाच्या बाजूनं रेडिएटरवर धरली आणि आप्पांना हाक मारली.

"आप्पा, म्होरं बसा जरा. आरपार उजेड दिसतो का सांगा."

ते जाळीपुढं उकिडवे बसले. "न्हाय."

"आता?"

"आरं, अंधार हाय सगळा."

पुढचा बंपर काढला. पुढं एसीची जाळी, मागं रेडिएटर, आणि दोन्हींच्या मध्ये बोटभर फट. पुढून सगळं स्वच्छ दिसत होतं. एसीच्या जाळीचे बोल्ट सैल करून ती थोडी पुढं ओढली, तर फटीत गादी भरावी तसं भुसकट ठासून बसलेलं. मी चिमूटभर ओढून तळहातावर घेतलं. हुलग्याचं होतं.

आता सांगतो. डिसेंबरात दोन पोत्यांचा हुलगा निघाला होता. एवढ्याशासाठी मळणीयंत्रवाला यायला तयार नव्हता, आणि बडवत बसायचा मला कंटाळा. मी हुलगा अंगणातल्या फरशीवर पसरला आणि त्याच्यावरून पहिल्या गिअरवर गाडी गोल गोल फिरवली, दोन दुपारी. गाडी हळू, ऊन वरून, त्यामुळं पंखा सारखा सुरू आणि उडालेलं सगळं आत ओढत होता. आप्पा तेव्हा म्हणाले होते, "गाडीनं मळतेत व्हय कुटं?" मी काच वर करून घेतली होती.

"हुलगा हाय की ह्यो," आप्पा म्हणाले. एवढंच. मग ते आत जाऊन आईचा जुना दात घासायचा ब्रश घेऊन आले.

दुपारभर आम्ही दोघं ते काढत बसलो. पाण्याचा जोर जास्त झाला की जाळीचे पातळ पत्रे वाकतात, म्हणून नळी हलक्या हातानं, इंजिनाच्या बाजूनं पुढं मारायची, हे त्यांनी सांगितलं आणि मी ऐकलं. टोपलीभर भुसकट निघालं. पुन्हा टॉर्च लावली, तर त्यांच्या सदऱ्यावर उजेडाची चाळण पडली. फार दिवसांनी मला इतकं बरं वाटलं.

चार वाजता मी चावी त्यांच्या पुढं धरली आणि शेजारच्या सीटवर बसलो. चढाला त्यांनी चौथा टाकला. माझी नजर काट्यावर. काटा मधोमध राहिला, जागचा हलला नाही. ते काट्याकडं बघतसुद्धा नव्हते.

हॉटेलात त्यांचे दोघं सोबती बसलेलेच होते. आप्पांना बघून एकजण सरकून जागा करत म्हणाले, "या. गुडघं काय म्हणतेत? जिरलं का दुखणं?"

"बरं हाय आता," आप्पा म्हणाले.

मला कळेना. त्यांच्या गुडघ्यांना काहीच झालेलं नव्हतं. मग कळलं, आणि बाकड्यावर मी अवघडून गेलो.

"काका, गुडघ्याला काय न्हवतं झालं," मी म्हणालो. "चावी म्या काढून घेतली हुती."

दुसरे काका हातातली बशी खाली ठेवून आप्पांकडं वळले. "मग फोनवर तसं सांगायचं की. आमी आलो असतो न्यायाला."

आप्पांनी माझ्यापुढं चहा सरकवला. रागानं नाही, अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाले, "लेकानं चावी काढून घेतली म्हणून सांगू व्हय चार माणसांत? त्यापरीस गुडघं बरं."