शब्द चालूच होते

इनास गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मी गाडी लावून नुकताच हॉस्पिटलात शिरत होतो. खरं सांगतो, आधी इनासचा रागच आला. वसईजवळच्या उमेळ्याचा हा माझा शाळासोबती एआयच्या कामात होता आणि आमचा वाद जुना. यंत्राला माणसाइतकी अक्कल यायला भाषा पुरेशी आहे, माणसानं जाणलेलं सगळं लिहिलेलंच आहे, असं तो ठासून सांगायचा. मी म्हणायचो, मग पोहणंही वाचूनच शिकव. त्यावर तो हसायचा, "मास्तर असून तुझा पुस्तकांवर विश्वास नाही?"

गेल्या वर्षी त्याला पक्षाघात झाला आणि नेमकी भाषाच गेली. साधं पाणी मागायलाही शब्द सापडेना... पण डोकं शाबूत होतं. पत्त्यांत मला हरवायचा, केळीवर रोग पडला की बोटानं दाखवायचा. तसा वाद मी जिंकलो होतो, पण तो विषय मी पुन्हा काढला नाही. मग एकदा संध्याकाळच्या रोझरीत, म्हणजे घरच्या जपमाळेच्या वेळी, तो घडाघडा प्रार्थना म्हणू लागला. घरात आनंदीआनंद झाला, फादरांनाही कळवलं. लहानपणापासूनचं पाठ आहे, तोंड आपोआप म्हणतं, त्यावरून काही ठरवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ऐकतंय कोण? प्रार्थना नीट म्हटली की इनास बरा, असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलं.

तो गेला त्या संध्याकाळी मीही रोझरीला होतो. इनास न अडखळता म्हणत होता आणि डाव्या हातानं छाती बडवत होता. चर्चमध्ये पापांची कबुली देताना आम्ही छातीवर हात मारतोच, त्यामुळे कुणाला वावगं वाटलं नाही. त्याची बायको, रिटावहिनी, मात्र मध्येच थांबली.

"रोझरीत छाती कशाला बडवतोय हा?"

तो घामानं निथळत होता. मी गाडी काढली, तर वसईच्या रस्त्यावर गर्दीत अडकलो. मागच्या सीटवर त्यानं वहिनीचा हात ओढून छातीवर घट्ट दाबला होता. ती सारखी विचारत होती, कुठं दुखतंय, किती दुखतंय... आणि त्याच्या तोंडून प्रार्थनाच येत होती. एक शब्द चुकत नव्हता. मला हॉर्नवरचा हात काढवेना.

महिना झाला. त्या घरी रोझरी अजून रोज होते. सगळे डोळे मिटतात, वहिनी मिटत नाही. प्रार्थना म्हणता म्हणता ती प्रत्येकाच्या हातांकडे बघत असते.